बेगिमायच्या जागेवर बसलेली मुलगी

१

"ही माझी मुलगी नाही!"

आवाज भिंतीवरच्या पडद्यातून आला. तिसऱ्या रांगेत खिडकीशी उभी राहून इतका वेळ खडाखडा उत्तर देणारी मुलगी वाक्य अर्धवट टाकून खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी शेवटच्या रांगेत होते. नारिन गावच्या या शाळेत मी चौतीस वर्षं काढली, त्यातली एकवीस उपमुख्याध्यापिका म्हणून. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी खुला तास असला की माझी, तुर्सुनाय एजेकेंची, खुर्ची आणि खुर्चीवरची उशी ठरलेली; आमच्याकडे शिक्षिकेला एजेके म्हणतात. खुल्या तासाला एक शिक्षक शिकवतो आणि इतर शाळांतले शिक्षक मागे वह्या घेऊन त्याच्या चुका टिपतात. यंदा त्यात पडद्याची भर पडली होती. थंडीमुळे डिसेंबरपासून शाळा घरोघरी मोबाईलवर चालली होती. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी दारं उघडली आणि बुधवारी लगेच हा आठवी 'ब'चा तास. रशियात कामाला गेलेल्या आईबापांनाही तिकडून बघता यावं म्हणून त्यांना जोडून घेतलेलं. पडद्यावर चौकोनच चौकोन, आणि त्यातल्या एकात नारिंगी जाकीट घातलेली बाई उभी, मागे खोक्यांची चळत.

"तुम्ही आत्ता बेगिमाय म्हणून हाक मारलीत ना?" ती बाई म्हणाली. "मी बेगिमायची आई, नाझिरा. ही पोरगी कोण? माझी पोरगी कुठाय?"

शिकवत होती सायकाल. तेवीस वर्षांची, डिसेंबरातच लागलेली. तिने बाकावरच्या कार्डाकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग परत कार्डाकडे.

"अहो, पण... कार्डावर तर बेगिमायच लिहिलंय," ती म्हणाली.

तेवढ्यात पडदा काळा झाला. "नेट गेलं," राइकानने जाहीर केलं. राइकान म्हणजे माझ्या जागेवर आलेली उपमुख्याध्यापिका, एके काळची माझीच विद्यार्थिनी. नेट कुठलं जातंय! वायर तिच्या हातात होती.

पाहुण्यांनी वह्या मिटल्या. कोणी कोणाकडे बघेना. खरं सांगायचं तर फारसं कोणाला आश्चर्यही वाटलं नव्हतं. खुल्या तासाला कच्च्या मुलाला "उद्या नको येऊस" म्हणून सांगायचं आणि रिकामं बाक दिसू नये म्हणून शेजारच्या तुकडीतलं हुशार मूल आणून बसवायचं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त आई बघत असताना हे कधी घडलं नव्हतं.

दुपारी एक वाजता बेगिमाय सापडली. नदीवरच्या पुलाच्या कठड्याला टेकून बसली होती, गणवेशात, पायात पातळ बूट. बाहेर उणे सव्वीस. एका टॅक्सीवाल्याने तिला उचलून दवाखान्यात नेलं, तेव्हा तिला स्वतःची पावलं आहेत की नाहीत हेच कळत नव्हतं.

२

मुख्याध्यापक जुमाकान आगाय, म्हणजे जुमाकान सर, माझ्या घरी आले ते टोपीसुद्धा न काढता बसले.

"एजेके, डॉक्टर म्हणतात उजव्या पायाची दोन बोटं राहतील की जातील, आठवडाभर सांगता येणार नाही. आणि पोरगी तोंड उघडत नाही. कोणी घरी थांब म्हणून सांगितलं, ते सांगतच नाही."

"आणि तुमचा संशय कोणावर?"

"माझा कशाला, राइकानचा आहे. ती म्हणते, तास सायकालचा, वाहवा सायकालची, मग काम दुसऱ्या कोणाचं असणार? शुक्रवारी समिती बसतेय. जानेवारीत आचारसंहितेवर सह्या केल्या आपण सगळ्यांनी. कोणत्याही मुलाला वर्गापासून दूर ठेवायचं नाही, असं कलमच आहे त्यात. तोवर दुसरं नाव पुढे आलं नाही, तर सायकाल जाईल. आणि असा शेरा घेऊन गेलेल्या शिक्षिकेला दुसरी शाळा दारात उभी करणार नाही."

"मग माझ्याकडे का आलात?"

"तुमच्याशी खोटं बोलायची कोणाची हिंमत नाही, म्हणून."

मला बरं वाटलं, लपवत नाही. सून म्हणते, तुम्हाला दुसऱ्याच्या चुका शोधायला मिळाल्या की तुमचे गुडघे दुखायचे थांबतात. खोटं नाही ते. मी शाल घेतली आणि निघाले.

सायकाल शिक्षकांच्या खोलीत एकटीच बसली होती. बाकीच्यांनी आपले चहाचे कप उचलून दुसरीकडे नेले होते. नोकरी जायच्या आधीच माणसाला वाळीत टाकण्यात आमचे लोक फार तत्पर.

"मी तिला ओळखतच नव्हते, एजेके," ती म्हणाली. तिचे डोळे सुजले होते.

"तीन महिने शिकवतेयस आणि विद्यार्थिनी ओळखत नाहीस?"

"चेहरा नाही ओळखत. अर्ध्या गावात नेट रडतं, म्हणून सगळ्यांचे कॅमेरे बंद असायचे. माझ्यासाठी आठवी 'ब' म्हणजे चोवीस नावं आणि काही आवाज. आणि माझा तास बुधवारी आणि शुक्रवारी. शाळा उघडल्यावर त्यांना समोर बघितलं ते थेट खुल्या तासालाच. म्हणून तर म्हटलं, प्रत्येकाने घरून नावाचं कार्ड करून आणा."

"आवाज तरी ओळखायचास."

"बेगिमायचा माईक बिघडला होता. ती फक्त लिहायची." सायकालने मोबाईल पुढे केला. "हे वाचा ना. घर म्हणजे काय, यावर लिहिलंय. अख्ख्या वर्गात असं कोणी लिहीत नाही. माझ्या तासाचा शेवट मी तिच्या उत्तरावर ठेवला होता. पाठाच्या आराखड्यात तिचं नाव घातलंय, पंधरा दिवस आधी दिलाय तो राइकान एजेकेंना."

मी वाचलं. चौदा वर्षांच्या मुलीने लिहिलं होतं की आईचा फोन येतो तेव्हा आजी आधी खोलीतला पसारा आवरते, मग फोन उचलते, आणि तेवढा वेळ आमचं घर म्हणजे घर असतं. मी चष्मा पुसला.

ही पोरगी वर्गातली सर्वांत हुशार. मग तिला घालवायचं कोणाला आणि कशाला? सायकालने तरी मुळीच नाही. स्वतःच्या तासातला हुकमाचा पत्ता कोण फेकून देतं?

अर्थात, सायकाल खरं बोलत असेल तर.

३

राइकान माझ्याच जुन्या खुर्चीत बसली होती. मला पाहून उठली आणि स्वतःच्या हाताने चहात दूध घातलं. ती अशी गोड वागायला लागली की मला शंका येते.

"राइकान, सरळ विचारते. बेगिमायला तू घरी बसवलंस?"

"एजेके! माझी सही आहे त्या संहितेवर. नोकरी जड झालीय का मला?"

"आराखड्यात तिचं नाव तू वाचलं होतंस."

"वाचलं होतं. ती पोरगी..." राइकानने आवाज खाली आणला. "ती अडखळते, एजेके. एक शब्द काढायला अर्धा मिनिट घेते. पहिलीपासून तशीच आहे. पाहुण्यांसमोर काय तमाशा झाला असता! सायकालला कुठे माहीत? तिने तर फक्त लिहिलेलं बघितलंय."

माईक का बिघडला होता, ते माझ्या लक्षात आलं.

"मग सायकालला सांगितलं का नाहीस?"

राइकानने कप बशीत ठेवला. "सांगणार होते. मग वाटलं, करू दे की फजिती. नवीन पोरी आल्या की आपल्यालाच शिकवायला बघतात. पण मी कोणाला घरी बसवलं नाही, मुलांची शपथ. तासाला आयजार्किनला बेगिमायच्या जागी बघितलं, तेव्हा मला वाटलं की हे तोलोगोनने केलं असणार. त्याचा वर्ग आहे. म्हटलं, बरं झालं, आपले हात स्वच्छ राहिले."

आयजार्किन म्हणजे आठवी 'अ'मधली ती खडाखडा बोलणारी मुलगी.

तोलोगोन गणित शिकवतो, संगणकाचं बघतो आणि आठवी 'ब'चा वर्गशिक्षक आहे. तो मला व्हरांड्यातच भेटला. घामाघूम, इतक्या थंडीत.

"मी? मला तर वाटलं राइकान एजेकेंनी केलंय! आयजार्किन आत येताना दिसली, म्हटलं वरून हुकूम आला असेल. आपण कशाला विचारा?"

"तुझ्या वर्गातली पोरगी गायब, आणि आपण कशाला विचारा?"

"एजेके, नेहमीचंच आहे हो ते. आणि मी कशाला करेन? पालकांच्या ग्रुपवर लिंक मीच पाठवली. नाझिराने मला सकाळी लिहिलं होतं, शिफ्ट बदलून घेतलीय, लेकीला सांगू नका, मला तिची गंमत करायचीय. आई बघतेय हे माहीत असताना मी दुसरी पोरगी उभी करेन? इतका बावळट आहे का मी?"

बावळट तो आहे, पण इतका नाही.

"वर्ग कोणी उघडला?"

"मी. पडदा आणि कॅमेरा आत होता, म्हणून मंगळवारपासून कुलूप होतं. दुसऱ्या घंटेला उघडलं, बाकं पुसून चकचकीत, वर कागदाचा कपटा नाही. मग पोरं आत आली."

"आणि मुलांपैकी कोणी काही बोललं नाही?"

"ती काय बोलणार? त्यांनाही तेच वाटलं असेल. कोणीतरी मोठ्यांनी ठरवलंय."

परत येताना माझ्या डोक्यात एक गोष्ट खुपत होती. सुयुन. आठवी 'ब'तला हा मुलगा पहिल्या बाकावर, पाहुण्यांच्या नाकासमोर बसला होता. घर म्हणजे काय, असं सायकालने विचारल्यावर तो उठून म्हणाला होता, "जिथे फोन आपोआप नेट पकडतो ते." सगळे हसले. माझ्या काळात असल्या पोराला मी खुल्या तासाच्या आसपास फिरकू दिलं नसतं. ज्याने कोणी ही कापाकापी केली, त्याने सुयुनला पहिल्या बाकावर ठेवून फक्त एकट्या बेगिमायला का हटवलं? शाळेतला कोणीही मुरलेला माणूस असं अर्धवट काम करत नाही. आणि मी ही माणसं ओळखते, कारण त्यांना मीच मुरवलंय.

४

गुरुवारी शाळा सुटल्यावर आयजार्किन तिच्या आईबरोबर माझ्याकडे आली. मी टेबलावर नान, लोणी आणि जर्दाळूचा मुरंबा मांडला होता. पोरगी ताठ बसली होती, एकही घास न घेता.

"एका शिक्षकांनी सांगितलं मला," ती म्हणाली. पाठ केल्यासारखं. "नाव नाही सांगणार."

"पुरुष की बाई?"

"नाही सांगणार."

"अगं, बोल ना!" आई खेकसली. "तिकडे एका शिक्षिकेची नोकरी चाललीय आणि तू काय मुकी होऊन बसलीयस?"

आयजार्किनने मान वर केली. "कोणाची नोकरी?"

"थांब गं," मी आईला म्हटलं. मला तेव्हा दुसरंच विचारायचं होतं. काय चूक केली मी! तिला तिथेच उत्तर मिळालं असतं, तर ती बोलली असती. "कार्ड कुठून आलं, बाळा? बेगिमायच्या नावाचं?"

"आधीच बाकावर होतं."

"होतं ना? बरं." मी नानची टोपली तिच्यापुढे सरकवली. "मग नानवर हात ठेव आणि म्हण, शिक्षकांनी सांगितलं, आणि कार्ड बाकावर होतं. एवढं म्हटलंस की मी परत काही विचारणार नाही."

तिने हात पुढे केला. बोटं नानपासून वीतभर अंतरावर थांबली. मग तिने हात मागे घेऊन मांडीखाली दाबून धरला आणि रडायला लागली. आईचा चेहरा पांढरा पडला. आमच्याकडे लोक सहज खोटं बोलतात, समितीपुढे बोलतात, नवऱ्याशी बोलतात, पण नानवर हात ठेवून बोलत नाहीत.

"मी आधीच शपथ घेतलीय," ती हुंदके देत म्हणाली. "नानवरच. कोणाला सांगणार नाही म्हणून."

"कोणाला दिलीस शपथ?"

तिने तोंड आईच्या खांद्यात खुपसलं. मी जोर केला नाही. आता मला तिच्याकडून काही नकोच होतं.

कार्ड माझ्याकडे होतं. जाड कागद दुमडलेला, कडेला निळ्या पेन्सिलीने मेंढ्याच्या शिंगांची नक्षी, मध्ये नाव. मी तोलोगोनकडून मागवलेली बेगिमायची गणिताची वही काढली आणि दोन्ही शेजारी ठेवली. वहीच्या प्रत्येक समासात तीच निळी शिंगं. अक्षरही तेच.

वर्ग दुसऱ्या घंटेपर्यंत बंद. बाकं रिकामी. म्हणजे बेगिमायने स्वतःच्या हाताने केलेलं कार्ड आयजार्किनच्या दप्तरातून आत आलं. म्हणजे दोघी आधी भेटल्या, बोलल्या, नानवर शपथ घेतली. मोठ्या माणसाचा हुकूम असता तर शपथ कशाला लागते? हुकूम मुलं निमूट पाळतात. शपथ मुलं एकमेकींना घालतात.

मला उत्तर मिळालं होतं, आणि मी त्यावर फार खूश होते. पोरींनीच हा खेळ केला होता. आता बेगिमायकडून कबुली घ्यायची आणि शुक्रवारी समितीपुढे ठेवायची. मी नातीला हाक मारून दवाखान्यात न्यायला बोर्सोक, म्हणजे तळलेल्या कणकेचे गोळे, बांधायला सांगितले, आणि मला वाटत होतं की प्रकरण संपलं.

५

बेगिमाय खिडकीकडच्या खाटेवर होती. पावलांना जाड पट्ट्या. आजी, उलजान आपा, शेजारच्या स्टुलावर बसून लोकर पिंजत होती. तिने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि "पाणी आणते" म्हणून उठून गेली.

मी खाटेच्या कडेला बसले. "बेगिम, मला सगळं कळलंय. तुला कोणीच सांगितलं नव्हतं ना, येऊ नकोस म्हणून?"

तिने माझ्याकडे बघितलं.

"तू स्वतःच आयजार्किनला बसवलंस. ठीक आहे, मुलं करतात असं. पण आता खरं सांगायला हवं. तू गप्प बसलीस तर उद्या सायकाल एजेकेंना काढून टाकतील."

ती उशीवरून ताडकन उठून बसली. पट्टी ओढली गेली तरी तिला भान नव्हतं. तिने ओठ उघडले, गळ्याची शीर ताणली, आणि शब्द आला नाही. मी वाट बघायला हवी होती. मी म्हटलं, "राहू दे, राहू दे, लिहून दे." तिने ओठ मिटले आणि मोबाईल घेतला.

बोटं भराभर चालत होती. ती लिहायची आणि पडदा माझ्यासमोर धरायची.

*त्यांना का काढणार? त्यांनी काही केलं नाही. मला वाटलं बोटांमुळे सगळे विचारतायत.*

*कोणीच सांगितलं नाही. दर वर्षी सांगतात. या वर्षी मंगळवार झाला तरी कोणी सांगितलं नाही. वाटलं, विसरले.*

*सायकाल एजेके नवीन आहेत. माझं त्यांना माहीत नाही. त्या मला शेवटचा प्रश्न विचारणार होत्या, सगळ्या पाहुण्यांसमोर. मी उभी राहिले असते आणि त्यांचा तास बिघडला असता. त्या चांगल्या आहेत.*

*म्हणून मीच आयजार्किनला सांगितलं. तिलाच बोलावतात नेहमी. माझं उत्तर तिला पाठ करायला दिलं. बाक रिकामं ठेवायचं नसतं.*

मी ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. बाक रिकामं ठेवायचं नसतं. हे माझं वाक्य. बैठकीत मी हे शंभरदा म्हटलं असेल.

"मग घरी का नाही थांबलीस गं? इतक्या थंडीत?"

*आजी मागच्या वेळी शाळेत भांडायला येणार होती. मी रडून थांबवलं. या वेळी तिला कळायला नको होतं. बसस्टँडवर बसले, तिथून रखवालदाराने उठवलं. मग चालत राहिले.*

तरी मी विचारलं. संशय घ्यायची इतक्या वर्षांची सवय, नाव हवंच असतं मला. "दर वर्षी सांगतात म्हणतेस. सगळ्यात आधी कोणी सांगितलं?"

तिने लगेच लिहिलं नाही. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी थट्टा करतेय. मग एकच शब्द लिहिला.

*तुम्ही.*

मी तो वाचला. ती पुढे लिहीत गेली, आता हळूहळू.

*पहिलीत. तुम्ही मला ऑफिसात बोलावलं. लाल कागदातली चॉकलेटं दिली, दोन. म्हणालात, उद्या तुला एकटीला सुट्टी, आजीला बोर्सोक तळायला मदत कर. मला खूप आनंद झाला होता. मी घरी सगळ्यांना सांगितलं की मला बक्षीस मिळालं.*

*दुसरीत मला कळलं.*

मला आठवत नव्हतं. हे मी कोणापुढेही कबूल करायला तयार आहे, आणि याहून मोठी लाज मला माझ्या आयुष्यात वाटली नाही. इतकी मुलं मी अशी घरी पाठवली, इतक्यांना चॉकलेटं दिली, की त्यांतली ही कोणती, हे मला आठवत नव्हतं. ती मात्र कागदाचा रंगसुद्धा विसरली नव्हती.

"बेगिम," मी म्हटलं, "मी चुकले गं."

तिने मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते मला कळलं नाही. मग तिने लिहिलं, *सायकाल एजेकेंना काढू नका*, आणि तोंड भिंतीकडे केलं.

उलजान आपा दारात पाण्याचा जग घेऊन उभी होती. किती वेळ होती कोणास ठाऊक. "बोर्सोक घेऊन जा परत," ती म्हणाली. "आमच्या घरी तळता येतात."

६

शुक्रवारी समितीच्या बैठकीला आठ माणसं. जुमाकान आगाय, राइकान, तोलोगोन, पालकांचे तिघे, मी, आणि दाराजवळच्या खुर्चीवर सायकाल. राइकानने निकालपत्र आधीच टाईप करून आणलं होतं. दोषी शिक्षकाच्या रकान्यात तेवढी जागा मोकळी.

मी सगळं सांगितलं. सुयुन, कुलूप, कार्ड, नान. सांगताना माझा आवाज छान चालला होता. मग मोबाईलवरचं शेवटचं वाचायची वेळ आली आणि मला पाणी मागावं लागलं.

वाचून झाल्यावर जुमाकान आगायनी सुस्कारा टाकला. "म्हणजे मुलीनेच केलं. दोष कोणाचाच नाही. चला, सुटलो."

"तुम्ही सुटलात?" मी म्हटलं. "एका पोरीला आपण सात वर्षं शिकवलं की तू दिसता कामा नयेस. ती इतकी चांगली शिकली की आठव्या वर्षी आपल्याला सांगायचीसुद्धा गरज उरली नाही. संहितेवर सह्या करून आपण सांगायचं बंद केलं, पण तिला कोणी जाऊन म्हटलं का, बाई गं, आता ये म्हणून? तो रकाना मोकळा सोडू नका. लिहा. तुर्सुनाय. पहिली ते चौथी."

"एजेके, काहीतरीच काय!" राइकान म्हणाली. "तेव्हा सगळेच करत होते. तुम्हीच तर मला शिकवलंत, यादी कशी करायची ते."

"म्हणून माझं नाव पहिलं."

राइकानने पेन हातात फिरवलं. मला वाटलं ती उठून जाणार, आणि तिचा तो ताठा बघून मला तिचा राग आला, मग आठवलं की हा ताठाही माझ्याकडूनच गेलाय.

तोलोगोन आधी बोलला, खाली बघत. "सातवी. मी सांगितलं होतं. व्हरांड्यात, जाता जाता."

मग राइकानने निकालपत्र पुढे ओढलं आणि माझ्या नावाखाली स्वतःच्या हाताने लिहिलं: राइकान, पाचवी आणि सहावी. अक्षर वेडंवाकडं आलं.

पालकांमधला एक जण म्हणाला, "आणि या सायकालबाई?"

"ती शिकवेल," जुमाकान आगाय म्हणाले. बाकीच्यांचं काय करायचं यावर दीड तास वाद झाला. शेवटी दोघांची वर्षाची बढती अडली, आणि माझी मानाची खुर्ची गेली. मीच ती काढायला लावली. कमी शिक्षा झाली असं उलजान आपाने बाजारात चारचौघांत सांगितलं, आणि तिचं बरोबर आहे.

७

पुढच्या बुधवारी अकरा वाजता सायकाल दवाखान्यात गेली. मला तिने बोलावलं नव्हतं, मीच मागे गेले. बोटं राहणार, असं त्या सकाळी डॉक्टरांनी सांगितलं होतं. उलजान आपाने मला आत येऊ दिलं, बस म्हणाली नाही. मी दाराशी उभी राहिले.

सायकालने मोबाईल पाण्याच्या जगाला टेकवून ठेवला. त्यात नाझिरा होती, नारिंगी जाकिटात, मागे तीच खोकी.

"बेगिमाय," सायकाल म्हणाली, "माझ्या तासाचा शेवटचा प्रश्न राहिलाय. लिहायचं नाही. सांगायचं. घर म्हणजे काय?"

बेगिमायने आधी माझ्याकडे बघितलं. मी जायला वळले, तर तिने हाताने थांबा म्हटलं. कशासाठी, मला अजून कळलेलं नाही.

मग तिने तोंड उघडलं. पहिला शब्द 'आई' होता आणि तो येता येत नव्हता. तिचे खांदे वर गेले, मूठ चादरीत वळली. तो शब्द मला माहीत होता, पुढचं अख्खं वाक्य मला माहीत होतं, आणि चौतीस वर्षांची सगळी खोड माझ्या जिभेच्या टोकाशी येऊन उभी राहिली. मी ओठ दाताखाली धरले. आपा लोकर पिंजायची थांबली. सायकाल नुसती बघत होती, घाई न करता, जशी आपण बस यायची वाट बघतो.

"आ... आई," बेगिमाय म्हणाली, आणि तिथेच अडकली, आणि घाबरून मोबाईलकडे बघायला लागली.

"बोल गं," नाझिरा तिकडून म्हणाली. "माझी शिफ्ट नऊला सुरू होते. इकडे आत्ता कुठे आठ वाजून पाच मिनिटं झालीत."